मेहुण्यांनी अडवलेला खडक

टोकावरून,
६ मार्च

आणि वर मलाच विचारतेस, ह्यांची तब्येत कशी आहे! त्यांच्या तब्येतीला काय धाड भरलीय? विचारायचंच असेल तर माझं डोकं ठिकाणावर आहे का ते विचार, धाकटे. चार दिवस समुद्राची हवा खायला पाठवते म्हणालीस. ते चार दिवस कधीच बुडाले समुद्रात. हवा खाऊन झाली, आमच्या घरातली एकुलती एक आरामखुर्ची बसून बसून खोलगट करून झाली, आता तुझ्या नवऱ्यानं माझा खडक अडवलाय.

खडक म्हणजे तोच, दीपगृहाच्या खाली, टोकाच्या शेंड्याकडचा. सपाट, काळा, चार खाटा मांडाव्यात एवढा. तू आली होतीस तेव्हा त्याच्यावर उभी राहून "अय्या, किती छान" म्हणाली होतीस. मी तिथे छान बघायला जात नाही, मी तिथे चादरी वाळवते. विश्रामगृहाच्या सगळ्या चादरी, अभ्रे, टॉवेल मी धुते हे तुला माहीत आहे, तुझ्या नवऱ्याला माहीत आहे, एव्हाना तिथे ठाण मांडून बसलेल्या पक्ष्यालाही कळलं असेल. मला दुसरी जागा आहे का? तीन बाजूंनी समुद्र. डावीकडच्या कड्याला भोक आहे, भरती चढली की त्यातून पाणी असं फुसकन वर उडतं की आमच्या खिडकीच्या काचा मिठानं पांढऱ्या होतात. उजवीकडच्या सुळक्यावर पाणकावळे पंख पसरून बसलेले असतात, मोडक्या छत्र्या उन्हात टाकल्यासारखे, आणि त्यांनी तो सुळका वरपासून खालपर्यंत असा रंगवलाय की चुना लावायला नको. मागे काटेरी झुडपं, चादर टाकली की तिची चाळण. राहिला हा एक खडक. दिवसभर ऊन, वारा बेताचा, खारं पाणी पोचत नाही.

त्याच्याभोवती तुझ्या नवऱ्यानं दोरी बांधलीय. माझीच, कपडे वाळत घालायची. आणि एक पाटी: "प्रवेश बंद. आदेशावरून." मी विचारलं, आदेश कुणाचा? तर म्हणाले, "ताई, सध्या तरी माझाच." ऑफिसनं ह्यांना हार घालून घरी पाठवलं ते खरं, पण आतला हेडक्लार्क काही घरी गेलेला नाही.

कारण काय, तर एका पक्ष्यानं तिथे अंडी घातलीत म्हणे. कावळ्यापेक्षा थोडा दणकट, वर काळा, खाली पांढरा, चोच गाजरासारखी लांब आणि लालभडक. त्याचं खरं नाव मेहुणे सांगतात ते एका दमात म्हणता येत नाही, मी त्याला लालचोच्या म्हणते. ओरडतो तर ट्रकचा ब्रेक लागल्यासारखा. गवत नाही, काडी नाही, उघड्या खडकावर फतकल मारून बसतो. त्याच्या पोटाखाली दोन अंडी आहेत म्हणून मेहुणे दुर्बीण घेऊन पहाटेपासून पालथे पडलेले असतात.

धाकटे, ती अंडी नाहीत. ते माझे दगड आहेत. चादरीचे कोपरे उडू नयेत म्हणून मी गोल दगड ठेवते. समुद्रानं घासलेले, राखाडी, वर काळे ठिपके, सगळे मी स्वतः कड्याखालून निवडून आणलेले. बादलीत असतात. बघितलं तर दोन कमी. म्हणजे पक्षी वेडा, दगडावर बसलाय, आणि तुझा नवरा त्या वेड्याचा पहारेकरी. मी हे तोंडावर सांगितलं, तर म्हणाले, "तुमचा आक्षेप नोंदवून घेतला आहे."

विश्रामगृह १५ एप्रिलला उघडतं. मॅनेजरनं बजावलंय, "मावशी, त्याआधी सगळं धुऊन, वाळवून, इस्त्री करून गठ्ठे हवेत. एक जरी चादर ओलसर निघाली तर बाजारातल्या मशीनवाल्याला काम देऊन टाकीन." हे काम गेलं तर मी ह्या टोकावर बसून काय करू, लाटांना नावं ठेवू? माझ्या नवऱ्याला त्याचा दिवा आहे. दिवेवाला तो, सरकारचा माणूस. मला ह्या चादरीच आहेत.

तेव्हा पत्र मिळालं की गाडीत बस, ये, आणि तुझं माणूस घेऊन जा.

ताई


शहरातून,
११ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून फार वाईट वाटलं. तुला त्रास होतोय हे कळतंय गं. मी लगेच निघालेच असते, पण माझा गुडघा. डॉक्टर म्हणाले, चढ-उतार अजिबात नको, आणि तुमच्या टोकावर चढ-उतारच आहेत.

ह्यांना जरा सांभाळून घे. नोकरी संपल्यापासून बिचारे फार हरवल्यासारखे झाले होते. घरात त्यांना काही ना काही काम हवं असायचं. माझे स्वयंपाकघरातले सगळे डबे त्यांनी नव्यानं लावले, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवली. मिठाच्या डब्यावर "मीठ", खाली सही आणि तारीख. एकदा दूध उतू गेलं तर शेगडीसमोर खुर्ची टाकून बसले आणि मला विचारलं, "घटनेच्या वेळी तू नेमकी कुठे होतीस?" तिथे निदान मोकळी हवा आहे. एखादा पक्षी बघून त्यांचा जीव रमत असेल तर रमू दे. घाईनं आणून त्यांचं मन मोडायला नको.

दगड असतील तर पक्ष्यालाच कळेल कधीतरी. भावोजींना नमस्कार सांग.

पत्राला दोन दिवस उशीर झाला, रागावू नकोस. काल-परवा आमच्या कॉलनीत बॅडमिंटनचे सामने होते आणि मी आणि समोरची डॉक्टरीणबाई शेवटच्या फेरीत पोचलो.

तुझी,
धाकटी


टोकावरून,
१७ मार्च

गुडघ्याला चढ-उतार चालत नाही आणि उड्या चालतात, असला गुडघा मी जन्मात पाहिला नाही. कुठल्या डॉक्टरला दाखवलास, त्या समोरच्या डॉक्टरीणबाईला का? आणि तिनं शेवटच्या फेरीत तपासला का?

मला खरं सांग. तुमचं भांडण झालंय ना? तू रडत बसली असशील आणि मला कळू नये म्हणून बॅडमिंटनचं नाव काढलंस. तुझी लहानपणापासूनची सवय आहे, दुखलं की हसायचं. काय बोलले ते तुला? नुसतं एक ओळ लिही, मी इथे त्यांचं जेवण बंद करते.

तोवर इथली गंमत ऐक. खडक गेला म्हणून मी चादरी खालच्या धक्क्यावर टाकल्या, जिथे होड्या लागतात. ओहोटी होती, शेवाळ खाली राहिलं होतं, दगड कोरडा. म्हटलं झालं आपलं काम. साबण आणायला घरी येऊन परत जाते तर पाण्यातून पाणमांजरांचं अख्खं कुटुंब वर आलेलं. आई, बाप, तीन पोरं. माझ्या चादरींवर लोळून अंग पुसत होती! अशी लोळत होती, धाकटे, पोट घासून, पाठ घासून, मान घासून, जशी काही चादर म्हणजे त्यांचा आंघोळीनंतरचा टॉवेलच. एक पोर तर अभ्र्यात शिरलं आणि आतून बाहेर यायची वाट सापडेना. मी ओरडले तर आईनं माझ्याकडे बघून नाक फेंदारलं. तुझा नवरा वर कड्यावरून टाळ्या वाजवतोय! "ताई, किती दुर्मीळ दृश्य आहे! तुम्ही जरा मागे सरकाल का?" सगळ्या चादरींना माशांचे खवले आणि तो वास. पुन्हा सगळं धुतलं.

मग दिवेवाल्याला अक्कल सुचली. म्हणाला, दीपगृहाच्या वरच्या सज्जाला कठडा आहे गोल, तिथे टाक, वारा भरपूर आहे. मला पटलं. दोघांनी मिळून चादरी वर नेल्या, कठड्याला बांधल्या. इतक्या पांढऱ्याशुभ्र, इतक्या छान फडफडत होत्या की मला वाटलं एवढी वर्षं मी हे का नाही केलं. कळलं का नाही केलं ते. सकाळी मासेमारीला गेलेल्या होड्या दुपारच्या आत सगळ्या परत! एकामागून एक, शिडं काय, इंजिनं काय, नुसती झुंबड. दीपगृहावर दिवसा पांढरं फडकतंय म्हणजे वादळाचा इशारा, असं पहिल्या होडीला वाटलं आणि पहिलीला बघून बाकीच्यांना. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. कोळी वर चढून आले आणि सज्जाकडे बघत उभे राहिले. एकजण म्हणाला, "वहिनी, हे वादळ सुकलं की आम्हाला कळवा." बंदरावरच्या साहेबानं दिवेवाल्याला फोनवर जे झापलं ते मी पलीकडच्या खोलीत बसून ऐकलं. आता तो माझ्याशी बोलत नाही. तुझ्या नवऱ्याशी मात्र बोलतो. दोघे साडू मिळून पालथे पडलेले असतात. एक दुर्बीण, दोन पोटं.

सोबत मेहुण्यांचा कागद घातलाय. तुला लिहिलाय म्हणाले. मी वाचला. पाकीट माझं आहे.

ताई

(सोबतचा कागद)

प्रति: सौ.
विषय: मुक्काम वाढवण्याबाबत.
संदर्भ: तुझं तोंडी सांगणं, "चार दिवस जाऊन या."

वरील विषयास अनुसरून कळवतो की, चार दिवस अपुरे पडले आहेत. येथे एका जोडप्याची अंडी उबवण्याची कामगिरी चालू असून ती पूर्ण होईपर्यंत जागा सोडणं योग्य होणार नाही. थोरल्या ताईंचा असा समज आहे की ते दगड आहेत. समज चुकीचा आहे, परंतु ताईंशी वाद घालण्याचे अधिकार मला नाहीत.

नर आणि मादी आळीपाळीनं बसतात. एक उठतो, दुसरा येतो, मध्ये क्षणभरसुद्धा जागा रिकामी नसते. कुणी कुणाला सांगत नाही. मी बरंच निरीक्षण केलं, परंतु आदेश कोण देतं ते समजून आलं नाही.

पहाटे कड्याच्या खालून डॉल्फिन जातात. पाणी तेव्हा राखेच्या रंगाचं असतं आणि त्यांच्या पाठी त्यातून वर येतात, मग जातात, मग वर येतात. खडकांवरचं केशरी शेवाळ ऊन पडलं की पेटल्यासारखं दिसतं. मला ह्याचं नीट वर्णन करता येत नाही, कारण मी आजवर फक्त अहवाल लिहिले. तू असतीस तर तुला दाखवलं असतं.

माहितीसाठी सादर.


शहरातून,
२५ मार्च

प्रिय ताई,

तू त्यांचं जेवण बंद करू नकोस. भांडण नाही झालं. शप्पथ. भांडण झालं असतं तर तुला कारण तरी सांगता आलं असतं.

तुला आता खरं सांगते, पण तू लगेच तोंड सोडू नकोस. मी मजेत आहे. ताई, मी इतकी मजेत आहे की मलाच लाज वाटते. सकाळी चहा करते तेव्हा कुणी मागे उभं राहून साखर किती टाकली ते बघत नाही. पलंगावर मी आडवी झोपते, ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. त्यांचं टेबल मी खिडकीतून हलवलं, तिथे संध्याकाळी आम्ही चौघी पत्ते खेळतो. डब्यांवरच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या. आता मिठाच्या डब्यात काय आहे ते मला उघडून बघावं लागतं, आणि त्यातसुद्धा मला आनंद होतो.

मी त्यांना हाकललं नाही गं. चार दिवसांसाठीच पाठवलं होतं. पण पाचव्या दिवशी ते आले नाहीत, आणि मी दाराकडे बघितलं, आणि मला कळलं की मी वाट बघत नाहीये. काय करू?

उन्हाळा संपेपर्यंत ठेव त्यांना. आम्हा चौघींचं एका सहलीचं ठरतंय. त्यांचा कागद वाचला. काय लिहायचं ते सुचलं नाही. "माहितीसाठी सादर"ला काय उत्तर देतात?

खडकाचं म्हणशील तर सोपं आहे. ते दुपारी झोपतात, आजवर एकही दिवस चुकलेला नाही. ते झोपले की तू गुपचूप जा आणि आपले दगड उचलून आण. पक्षी उडून जाईल, चादरी वाळतील, आणि ह्यांना वाटेल निसर्गाचा कोप झाला.

तुझी,
धाकटी


टोकावरून,
४ एप्रिल

तुझं ऐकलं. ह्यापुढे तुझं कधी ऐकणार नाही.

आधी हे ऐक, की मॅनेजर चार दिवसांपूर्वी येऊन गेला. धुतलेल्या ओल्या चादरींचे ढीग बघितले, दोरीच्या पलीकडचा खडक बघितला, पाटी वाचली. "आदेशावरून म्हणजे?" मी काय सांगू? माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्यावरून? तो म्हणाला, "मावशी, मी मशीनवाल्याला फोन करून ठेवतो. आठवड्याभरात झालं तर ठीक, नाही तर राम राम." धाकटे, मी चादरी धुवायला लागले तेव्हा विश्रामगृहाला दोन खोल्या होत्या. माझ्या हाताच्या वळ्यांमध्ये त्या चादरींचा साबण भरलाय. मला असा राग आला की डोळ्यांपुढे काळं.

परवा दुपारी जेवण झाल्यावर मेहुणे आरामखुर्चीत आडवे झाले. त्यांचं घोरणं लागल्यावर मी पदर खोचला आणि निघाले. ऊन मी म्हणत होतं. वारा पडलेला, समुद्र तेलासारखा, ते कड्याचं भोक नुसतं घोरत होतं, वर घरात एक नि खाली एक. दोरी ओलांडली. लालचोच्या बसलेला. मी म्हटलं, ऊठ. तो उठेना. मी हात पुढे केला तसा उठून बाजूला झाला आणि लंगडायला लागला, पंख मोडल्याचं सोंग! माझ्याशी सोंग! मी म्हटलं, बाबा, घरी एक सोंगाड्या घोरतोय, मला तुझं नको. आणि माझा दगड उचलला.

दगड गरम होता. म्हटलं ऊन लागलंय. मग दगडानं हातात टक केलं.

मी कानाशी नेला. आतून टक. टक. आणि चिवचिव, अगदी बारीक, खोल विहिरीतून कुणी हाक मारावी तशी. उलटा करून बघितला तर एका बाजूला फुटलेला, आणि त्या भोकातून चोचीचं टोक बाहेर. मोहरीएवढं.

मी किंचाळले नाही. कुणी काही सांगितलं तरी मी किंचाळले नाही. मी ते हळूच जागेवर ठेवलं आणि सरळ उभी राहायच्या आत त्या लालचोच्याच्या बायकोनं, का नवऱ्यानं, मागून येऊन माझ्या अंबाड्यावर अशी चोच मारली की काटे उडाले. मी मागे सरले, पाय खडकाच्या कडेखालच्या शेवाळावर, आणि मी खालच्या कपारीतल्या डबक्यात बसले. खेकड्यांसकट. तेवढ्यात मेहुणे धावत येतायत, पायात एकच चप्पल, "ताई, हलू नका! अजिबात हलू नका!" मला वाटलं माझी काळजी. तर म्हणे, "तुम्ही उठलात तर ती परत बसणार नाहीत!"

म्हणून मी डबक्यात बसून राहिले. कमरेपर्यंत पाण्यात, केस मोकळे, एक खेकडा परकराच्या काठाला. ते दोघे पक्षी एकदा माझ्याकडे, एकदा अंड्यांकडे बघत होते. मग एक जाऊन बसला. मेहुणे दोरीपलीकडे पालथे. आम्ही दोघं तसेच, उन्हं कलेपर्यंत. संध्याकाळी त्या पक्ष्यानं पोट जरा उचललं आणि खालून एक ओला, राखाडी, ठिपक्याठिपक्यांचा कापूस बाहेर आला, दोन काड्यांवर उभा राहायला बघत होता आणि पडत होता. मेहुण्यांनी मला दुर्बीण दिली. मी म्हटलं, मला दिसतंय. तरी घेतली.

ते दगड नव्हते. बस. ह्यावर एक शब्द लिहायचा नाही. माझे दोन दगड सापडले, एक दिवेवाल्यानं दीपगृहाचं दार उघडं राहावं म्हणून लावलाय आणि दुसरा त्याच्याच टेबलाच्या पायाखाली. विचारलं तर म्हणतो, तू विचारलंस कुठे?

पण त्या दाराच्या दगडानंच मला अक्कल आली. दार उघडं राहायला एवढा दगड का लागतो? तर मनोऱ्यातून वारा खालून वर ओढला जातो, चिमणीसारखा. मी चादरी आतच टांगल्या. गोल जिन्याच्या मधल्या पोकळीत, वरून खालपर्यंत. बाहेरून एक धागा दिसत नाही, होड्या निवांत. मेहुण्यांनी दोऱ्या बांधल्या, प्रत्येक दोरीला नंबर दिला, मी नंबरानं चादरी टांगल्या. रात्रीत सगळं खडखडीत वाळलं.

आणि आता खरं ऐक. इस्त्री तुझ्या नवऱ्यानं केली. मी सांगितलं नव्हतं. सकाळी मी चहाचे कप ठेवले, तर बघते ते धुऊन पालथे घातलेले. पुरुषमाणसाला अशा वेळी शाबासकी दिली की तो पुन्हा करत नाही. मग मी इस्त्री करायला बसले, पाठ दुखली म्हणून उठले, तर ते येऊन बसले. मी उठले, ते बसले. ते उठले, मी बसले. आणि चादरीची घडी, धाकटे! कोपऱ्याला कोपरा, काठाला काठ, फूटपट्टी लावून. नव्या कागदाचे गठ्ठे असावेत तशा. मॅनेजरनं आज येऊन बघितलं, हात लावायला धजेना. म्हणाला, "मावशी, हे कुणी केलं?" मशीनवाल्याचं नाव त्यानं काढलं नाही. उलट ह्या मोसमात पडदे आणि टेबलावरची कापडंही मलाच देणार आहे.

तेव्हा राहू देत त्यांना. कर तू तुझी सहल.

ताई


शहरातून,
१० एप्रिल

ताई,

इस्त्री? ह्यांनी?

मी पत्र दोनदा वाचलं, मग डॉक्टरीणबाईला वाचायला दिलं, मला वाटलं माझंच काही चुकतंय. लग्न झाल्यापासून ह्या माणसानं स्वतःचा रुमाल पसरून वाळत टाकलेला नाही. कप धुतले? कुठे, कुणाच्या घरी? मला ताप होता तेव्हा ते माझ्या उशाशी बसून तापाची नोंद करत होते, पाणी मी उठून प्यायले! आणि तुझ्याकडे "तुम्ही उठलात, मी बसतो"!

हे बघ, तू माझी थोरली बहीण आहेस, पण नवरा माझा आहे. तू तिकडे त्यांना पडदे इस्त्री करायला लावणार आणि मी इकडे चौघींच्या कपबश्या विसळत बसणार? सहल रद्द. दोघींची मुलं आली, तिसरीचं तिच्या नवऱ्यानं काही ऐकलं नाही. पत्तेही बंद आहेत. आणि आडवं झोपायचं म्हणशील तर चार रात्रींनंतर त्यात काही उरत नाही, पलंग नुसता मोठा वाटतो.

त्यांना येत्या रविवारच्या गाडीत बसवून दे. मी स्टँडवर येते. काही ऐकणार नाही.

धाकटी


टोकावरून,
१४ एप्रिल

हे पत्र तुला मिळेपर्यंत रविवार उलटून गेला असेल आणि तू स्टँडवर गाडीतून उतरणारी प्रत्येक टोपी बघून हात हलवत परत आली असशील. बरं झालं. जरा वाट बघायची सवय होऊ दे.

मी त्यांना गाडीत बसवणार नाही. ते काय गठ्ठा आहेत, तू तिकडून पाठवायचा आणि मी इकडून परत लावायचा? मला नको होते तेव्हा माझ्या गळ्यात मारलेस. दगड समजून उचललं ते अंडं निघालं, डबक्यात मी बसले, अंबाडा माझा गेला, आणि माणूस कामाचा झाल्यावर तुला आठवण आली की नवरा तुझा आहे. उद्या विश्रामगृह उघडतंय. पहिल्या खेपेचे गठ्ठे गेलेत, पण लोक आले की रोजच्या रोज चादरी येतील, शिवाय पडदे. माझ्या एका पाठीत ते बसत नाही. मला त्यांचे हात हवेत, हे मी तुझ्यापासून लपवत नाही. म्हणजे तुझंही काही लपवू नकोस.

तुझं पत्र मी त्यांना दाखवलेलं नाही. दाखवलं असतं तर त्यांनी विषय आणि संदर्भ लिहून सही केली असती आणि निघाले असते. तू बोलावलंस म्हणजे आदेश, एवढंच त्यांना कळतं. आल्यावर तू दोन दिवस इस्त्री करून घेशील, तिसऱ्या दिवशी ते तुला विचारतील, "घटनेच्या वेळी तू कुठे होतीस," आणि चौथ्या दिवशी तू पुन्हा त्यांना हवा खायला पाठवशील. मी काय, हवेचं दुकान काढलंय?

तुला एक सांगते. पोस्टमन चढ चढून येतो तेव्हा तुझ्या नवऱ्यानं पक्ष्यांकडे दुर्बीण लावलेली असते, पण दुर्बीण हळूहळू पायवाटेकडे वळते. पोस्टमन माझ्या हातात पाकीट देतो. ते विचारत नाहीत. मी वाचते तोवर ते तिथेच चादरीची एकच घडी चार वेळा घालतात. त्या पिल्लांचं ते मला सांगतात रोज, आता ती खालच्या खडकांवर गेली, लाट आली की पळतात, लाट गेली की पुन्हा जातात, आईबाप शिंपले फोडून भरवतात. सगळं सांगतात. मी म्हटलं, हे मला कशाला, बायकोला लिहा. म्हणाले, "आधीच्या पत्राचं उत्तर प्रलंबित आहे."

ऐकलंस? प्रलंबित आहे. त्या माणसानं जन्मात पहिल्यांदा लिहिलं की तू असतीस तर तुला दाखवलं असतं, आणि तुला काय लिहायचं ते सुचलं नाही. मला लिहायला बरं सुचतं, पानंच्या पानं.

आता मला लिहू नकोस. मी तुझं पत्र फोडणार नाही, शपथ घेते, पाकीट माझं नसेल तर. त्यांच्या नावानं लिही. तुला नवरा हवाय की इस्त्रीवाला, ते आधी स्वतः ठरव आणि मग त्यांना लिही, साध्या माणसाच्या भाषेत, एका ओळीत लिहिलंस तरी चालेल. इस्त्रीवाला हवा असेल तर तो मोसम संपेपर्यंत माझा आहे, विसर. नवरा हवा असेल तर ये इकडे, तुझा तो गुडघा घेऊन, चढ चढ, खडकावर उताणी-पालथी काय पडायचं ते पड त्यांच्या शेजारी, आणि मग दोघं ठरवा कोण कुठे राहायचं ते. मी मध्ये पडणार नाही. येताना हात रिकामे ठेव, मी तुला पडद्यांना लावणार आहे.

पोस्टमन शनिवार-रविवार चढत नाही आणि २४ तारखेच्या सोमवारी पडद्यांचा पहिला ढीग येतोय. तेव्हा उत्तर शुक्रवारी, २१ तारखेच्या टपालानं आलं पाहिजे. त्यांच्या नावानं. आलं नाही तर मी त्या पाटीवरचं पुसून तुझं नाव लिहीन आणि खाली लिहीन, प्रवेश बंद.

ताई